प्रश्न शेवटी घेऊ

आज मिस्सेनंतरच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये एक सूचना होती: प्रौढांसाठीचा श्रद्धाशिक्षण वर्ग प्रतिसादाअभावी बंद करण्यात येत आहे. लगेच पुढची: फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, बँडसाठी आणि रोषणाईसाठी वर्गणी गोळा करायला कार्यकर्ते घरोघरी येतील, सर्वांनी सहकार्य करावं. दोन्ही सूचना एकाच दमात, एकाच सुरात. पहिलीला कुणाची मानसुद्धा हलली नाही. दुसरीनंतर माझ्या मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, यंदा बँड कुठला रे?

चर्चचं नाव लिहीत नाही. वसईतलं आहे एवढं पुरे. आणि खरं सांगायचं तर नाव कुठलंही घातलं तरी चाललं असतं.

प्रतिसादाअभावी! म्हणजे दोष आमचा. वर्ग कधी होता, तर रविवारी दुपारी तीनला. ज्या बायका आठवडाभर पहाटे उठून रविवारी दुपारी जरा पाठ टेकतात, त्यांच्यासाठी दुपारी तीन. शिकवायला बाहेरून आलेले सर, सोबत लॅपटॉप, पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि तोंडी मराठीचं चवीपुरतं मीठ. समोर बसलेली निम्मी माणसं मराठी मिस्सेची. 'हे आमच्या बापा' आणि 'नमो मरिये' ज्यांच्या तोंडी झोपेतही मराठीतच येतं, त्यांना कृपेचे प्रकार इंग्रजी मुद्द्यांत दाखवायचे आणि मग हजेरी कमी का म्हणून विचारायचं.

त्या वर्गात एकदा जे झालं ते सांगते, मग माझा राग कळेल.

आमच्या आळीत एक मावशी आहे. सत्तरी ओलांडलेली, अजून लुगडं नेसते. उभा जन्म पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या मुंबईला नेण्यात गेला. नवरा लवकर वारला, आणि काही वर्षांपूर्वी थोरला मुलगाही गेला. वर्गाची सूचना ऐकून ती आली होती, चष्मा आणि गीतांचं पुस्तक पिशवीत घालून. त्या दिवशी विषय होता योहानाचा अकरावा अध्याय, लाजरसाचं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्या लाजरसाला येशूने कबरीतून उठवलं ती गोष्ट. मिस्सेत बायबल वाचायच्या तीन वर्षांच्या चक्रात 'अ' वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी हेच शुभवर्तमान असतं, त्यामुळे सगळ्यांना तोंडपाठ. सरांचा पडदा पुढे सरकत होता, योहानाच्या शुभवर्तमानातली सात चिन्हं, म्हणजे येशूचे चमत्कार, लाजरस हे सातवं वगैरे. मध्येच मावशीने हात वर केला. म्हणाली, "सर, येशू त्याला उठवणारच होता ना? त्याला ठाऊक होतं ना? मग कबरीपाशी रडला कशाला?"

हॉलमध्ये एकदम शांतता. मला वाटलं, आता वर्ग खरा सुरू झाला.

सर म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

मी उठून म्हटलं, सर, आत्ताच घ्या ना, चांगला प्रश्न आहे. ते हसले, घड्याळ दाखवलं आणि पुढचा मुद्दा पडद्यावर आणला. शेवटी काय झालं? शेवटी चहा झाला. बटाटेवडे गरम होते, ते मान्य करते.

मावशी पुन्हा आली नाही. वहीत तिच्या नावापुढे गैरहजर लागलं असेल. प्रतिसादाअभावी.

आपल्या सगळ्यांचंच धर्मशिक्षण कुठे थांबलं ते आठवा. तिसरी-चौथीत पहिली कम्युनियन, शाळेतच कधीतरी दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करायचा संस्कार), बिशपांसोबत फोटो, संपलं. त्यानंतर पॅरिश, म्हणजे आपलं स्थानिक चर्च, आपल्याला बसवून काही शिकवते ती थेट लग्न ठरल्यावर, कोर्सचं सर्टिफिकेट लागतं म्हणून. मग मुलाच्या बाप्तिस्म्याआधी अर्धा तास. मग एकदम मयताच्या वेळी, आणि तेव्हा शिकायच्या मनःस्थितीत कोण असतं? मधल्या चाळीस वर्षांत कर्ज फेडलं, आजारपणं काढली, नोकऱ्या गेल्या, भावाभावांत जमिनीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. या सगळ्याला श्रद्धा काय म्हणते, हे विचारायला हक्काची जागा नाही. देव मात्र आपल्या डोक्यात तोच, चौथीतल्या पुस्तकातल्या चित्रातला.

पॅरिशला मोठी माणसं लागत नाहीत असं नाही हं. मिरवणुकीला लागतात, स्टॉल लावायला लागतात, खुर्च्या उचलायला, हिशेब तपासायला, बांधकामाची देणगी द्यायला लागतात. डोकं तेवढं घरी ठेवून या.

आणि हे काही मी एकटी वसईच्या ओट्यावर बसून काढलेलं खूळ नाही. धर्मशिक्षणाबद्दल रोमने १९७१ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की प्रौढांचं धर्मशिक्षण हाच धर्मशिक्षणाचा मुख्य प्रकार मानावा. मुख्य! मुलांचं झाल्यावर वेळ उरला तर करायचा तो नव्हे. अर्धशतक उलटून गेलं. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, नव्याने ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या प्रौढांसाठीचा जुना टप्प्याटप्प्याचा दीक्षाविधीही परत आणला. म्हणजे बाहेरून येणाऱ्या माणसाला कित्येक महिने बसवून शिकवणार, प्रश्न विचारू देणार. आणि ज्याला आई-बापाने तान्हेपणी बाप्तिस्म्याला नेलं, त्याला आयुष्यभर गृहीत धरणार.

अजून मागे जा. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, गोव्यात आले १५७९ मध्ये. त्यांचं ख्रिस्तपुराण गोव्यातल्याच रायतूरला छापलं १६१६ मध्ये. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आपल्या मराठीत. कुणासाठी? लहान पोरांच्या परीक्षेसाठी नव्हे. गोव्याच्या साष्टीतल्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या मोठ्या माणसांसाठी. त्या पुराणातच प्रसंग आहे की एक जण उठून विचारतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही द्याल की नाही? किती रोखठोक! आणि पाद्रीबाबांनी "प्रश्न शेवटी घेऊ" म्हटलं नाही. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून अख्खं महाकाव्य लिहिलं, तेही ऐकणाऱ्याच्या छंदात. ती माणसं कुठल्या परिस्थितीत ख्रिस्ती झाली, पोर्तुगीज अंमलात काय काय घडलं, तो वेगळा आणि अवघड विषय आहे, आज त्यात शिरत नाही. पण चारशे वर्षांपूर्वी परक्या देशातून आलेला माणूस जे करू शकला, ते आम्हाला प्रोजेक्टर असून जमत नाही.

आपल्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुबोध बायबल, म्हणजे सोप्या मराठीतलं बायबल, हातात दिलं. ते २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा छाती फुगवून आपण किती पोस्टी टाकल्या. मीही टाकली होती आणि पुन्हा टाकेन. पण ते जाडजूड बायबल घरोघरी शोकेसमध्ये कपबशांच्या सेटशेजारी उभं आहे आणि सेटइतकंच वापरलं जातंय.

थोडी शांत होते. फादरांकडे वेळ नसतो हे खरं आहे. शाळा, ट्रस्टची कागदपत्रं, दाखले, आजाऱ्यांच्या भेटी, एका दिवशी दोन-दोन मयतं, आणि वर आमची भांडणं सोडवायची. आणि हो, आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. क्रिकेटची फायनल असेल तर बायबलमधल्या निकदेमसासारखा रात्री येशूकडे प्रश्न घेऊन जायचा उत्साहही आमच्यात नसतो. झालं, दिली कबुली.

पण मग उत्तरं मिळाली नाहीत म्हणून माणसांना प्रश्न पडायचे थांबतात असं वाटतं का तुम्हाला? ती व्हॉट्सॲपवर जातात. ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता मिळेल. अमक्या ठिकाणी मूर्तीच्या डोळ्यांतून रक्त. शिकलेली माणसं, इंजिनिअर, बँकेतली, हे आळीच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली पन्नास हात जोडलेले. कुणी विचारलं की बाबा, याला चर्चची मान्यता आहे का, तर तोच नास्तिक. आणि काही कुटुंबं गुपचूप दुसऱ्या प्रार्थनासभांना जायला लागली, भाड्याच्या हॉलमध्ये. आपण नाकं मुरडतो, "ते तिकडे गेले" म्हणतो. तिकडे त्यांना नावाने हाक मारतात, बायबल उघडायला लावतात आणि काय समजलं ते विचारतात. इकडे अख्ख्या हयातीत कुणी विचारलं होतं?

घरातलं तर विचारूच नका. नातवंडं इंग्रजी शाळेत, त्यांचं कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, इंग्रजीत. आजी-आजोबांची प्रार्थना मराठीत. मधले आई-बाप लोकलमध्ये. पोरगं रोजरीच्या वेळी विचारतं की देव तीन कसे आणि एक कसा, तर आई म्हणते सिस्टरना विचार. सिस्टर किती पुरतील?

त्या मावशीकडे मध्यंतरी गेले होते. पडवीत बसून ती केळफूल सोलत होती. मी मुद्दाम तो प्रश्न काढला, म्हटलं, मावशी, मिळालं का उत्तर? म्हणाली, "अगं, त्यात काय मिळायचंय? लाजरसाच्या बहिणी, मार्था-मरिया, रडत होत्या, म्हणून रडला. मयताच्या घरी कोरड्या डोळ्यांनी कोण जातं? उठवायचं ते नंतर." मग जरा थांबून म्हणाली, "माझा पोरगा गेला तेव्हा सगळे सांगायला आले, तो स्वर्गात आहे, रडू नको. एकटी पलीकडची म्हातारी येऊन नुसती रडली. तीच काय ती बरी वाटली."

घरी येऊन बायबल उघडलं. योहान ११:३३. मरिया आणि तिच्याबरोबरचे लोक रडताना पाहून येशू आतून हलला, असंच लिहिलंय. दोन ओळींनंतर तो रडला. म्हणजे बाई बरोबर होती. सात चिन्हांच्या यादीत हे नव्हतं, आणि हे सांगणारी बाई त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती! तिला शिकवायला नव्हे, तिला ऐकायला तो वर्ग हवा होता. तुला मुलगा होईल असं सांगायला गब्रिएल दूत आला तेव्हा येशूच्या आईने, मरियेनेही विचारलंच की, हे कसं होईल? दूताने तिला शेवटपर्यंत थांबवलं नाही.

पॅरिश कौन्सिलमधले दोघे-तिघे माझ्या मित्रयादीत आहेत, ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाईलच. जाऊ दे. वर्गणी देणार आहे मी, घाबरू नका. बँडही ऐकेन. पण पुढच्या सभेत विचारणार आहे की रोषणाईला इतके, बँडला इतके, आणि मोठ्यांच्या धर्मशिक्षणाला वार्षिक तरतूद किती? आकडा मोठ्याने वाचून दाखवा म्हणणार आहे.

तोवर येत्या गुरुवारपासून, रात्री नऊला, आमच्या ओट्यावर. येणाऱ्या रविवारचं शुभवर्तमान मराठीत वाचायचं आणि ज्याला जे खटकलं ते विचारायचं. पडदा नाही, प्रमाणपत्र नाही. उशिराच्या लोकलने येणारे उशिरा आले तरी चालतील. मावशी येते म्हणालीय. फादरांनाही बोलावलंय, त्यांची खुर्ची आमच्याच रांगेत असेल. आणि गाड्या आणू नका, गल्लीत लावायला जागा नाही.