येळवस, गूळ आणि ती जास्तीची गोळी

येळवस, म्हणजे रानात पूजा करून तिथंच जेवायची मार्गशीर्षाची वेळ अमावास्या, जवळ आली की आमच्या लातूर-धाराशिवकडं भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदाही आला. "येळवसचं जेवण म्हणजे शुगरवाल्यांचं औषधच. गूळ नैसर्गिक, त्यानं शुगर वाढत नाही. ज्वारी-बाजरी पोटभर खा. आंबिलीनं शुगर उतरते. तरी भीती वाटली तर सकाळी एक गोळी जास्त घ्या. आपल्या आज्याला कुठं होती शुगर?" खाली दहा-बारा हात जोडलेले.

गोळीचं वाक्य आधी घेतो. बाकीच्यांनी फार तर शुगर वाढेल, हे वाक्य माणूस पाडतं.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात घास गेलाय की नाही, हे ती बघत नाही. आणि येळवसला घास जातो कधी? आंबिलीचं बिंदगं (मडकं), टोपल्या घेऊन घरून निघायलाच अकरा वाजतात. मग कोपीतली (रानात कडब्याची उभारलेली खोप) पांडवांची पूजा, रानभर आंबील शिंपडणं, नैवेद्य. पंगत बसते दीड-दोनला. मागच्या साली आमच्या तात्यांनी, वय 74, हाच मेसेज वाचून आठ वाजता दोन गोळ्या घेतल्या. नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही म्हणून चहासुद्धा नाही. साडेबाराच्या सुमारास हरभऱ्यात उभे असताना भर थंडीत सदरा घामानं भिजला. "उन्हाचं झालं असंल," कुणीतरी म्हणालं. मग तात्यांनी मला माझ्या चुलत्याच्या नावानं हाक मारली, तेव्हा मी मशीन काढलं. शुगर 58. सत्तरच्या खाली गेली की लगेच गोड द्यायचं असतं. म्हाताऱ्या माणसाचं भ्रमिष्टासारखं बोलणं आपण वयावर ढकलतो आणि वेळ जातो. वहिनीनं खिरीसाठी आणलेल्या गुळाचा खडा पाण्यात विरघळवून पाजला. पंधरा मिनिटांनी 97.

आता "गुळानं शुगर वाढत नाही" याकडं येऊ. मग तात्यांची 58 ची 97 कशानं झाली? शंभर ग्रॅम गुळात 85 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि ती जवळपास सगळी साखरच. लोह थोडंफार असतं, मान्य. पण लोहासाठी खिरीची दुसरी वाटी मागणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ज्यांच्या गोळीत वोग्लिबोज आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: ती गोळी आतड्यात साखर फुटायचं कामच मंदावते, त्यामुळं शुगर उतरल्यावर गूळ-साखर चटकन लागू पडत नाही. त्यांच्या खिशात मेडिकलमधली ग्लुकोज पावडर हवी.

ज्वारी-बाजरी. शंभर ग्रॅम ज्वारीत 68, बाजरीत 62 ग्रॅम कर्बोदकं. गव्हाच्या पिठात 64. म्हणजे फार फरक नाही. तंतू मात्र दोन्हीत दहा-अकरा ग्रॅम, पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत, म्हणून भातापेक्षा भाकरी बरी हे खरंच. पण 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 40 ग्रॅम कर्बोदकं आली. "पोटभर" म्हणजे किती, हे मेसेज सांगत नाही. सजगुऱ्याचा उंडा, म्हणजे बाजरीच्या पिठाचा उकडलेला गोळा, तर हातात घेतल्यावर लहानच वाटतो.

आंबिलीत थोडं तथ्य आहे. आंबट पदार्थानं पोट जरा सावकाश रिकामं होतं. पण आंबील म्हणजे शेवटी शिजवलेलं ज्वारीचं पीठच, आणि पातळ असल्यानं चावायचं कामच नाही. ती ताकासारखी ढोसली जाते, जेवणात धरलीच जात नाही. एक फुलपात्र घ्या, बिंदग्याजवळ मुक्काम नको.

या सगळ्यात खरी कामाची भज्जी, आणि मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही! पालेभाज्या, वाटाणा, तूर, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगं, वर बेसनाचा हात: तंतू आणि प्रथिनं एका पातेल्यात. भाजी-डाळ आधी पोटात गेली आणि भाकरी-गोड मागून, तर जेवणानंतरची शुगर कमी उसळते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही हे करून बघितलं. तात्यांनी आधी सोळा भाज्या निवांत संपवल्या, मग अर्धी पुरणपोळी, मग अंगणात दहा मिनिटं फेऱ्या. दोन तासांनी 172. एका माणसाचा एका दिवसाचा आकडा आहे, त्यावरून कायदा करू नये.

राहिला आजा. त्याची शुगर मोजली कुणी? मधुमेह हा शब्द चरक-सुश्रुतांच्या काळापासून आहे. आजारच नव्हता तर शब्द कशाला लागला असता? शिवाय आजा रानात चालत जायचा, आम्ही तात्यांना बांधापर्यंत गाडीनं नेतो.

यंदा मशीन पहिल्याच टोपलीत आहे. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पंगतीला जोडून घेतली. सकाळी निघण्याआधी अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी खायची असं तात्यांनी कबूल केलंय. नैवेद्याचं काय म्हणून जरा वाद झाला, तो आईनं मिटवला: "देवाला कळतंय, ह्यांनाच कळंना." खीर किती, हेही ठरलं. एक पळी.

"पळी कोणती ते मी ठरवणार," तात्या म्हणाले.