मशीहाच्या तीन भूमिका कॅल्विनने रचल्या?

एक मजकूर सध्या फार फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यहुद्यांना मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, फक्त लढवय्या राजा म्हणून हवा होता. येशूला ते जमलं नाही. मग अपयश झाकायला 'संदेष्टा' (देवाचा निरोप सांगणारा) आणि 'याजक' (लोकांसाठी देवाला अर्पणं वाहणारा) ही पदं त्याला चिकटवली गेली, तीही 16व्या शतकात, कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाकडून. येशूला मशीहा मानायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण हा दावा इतिहासाचा आहे, तेव्हा तो तपासता येतो.

कॅल्विनचा मुद्दा सगळ्यात लंगडा. आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1559च्या आवृत्तीत त्याने या तीन पदांवर अख्खा अध्याय लिहिला, हे खरं. पण चौथ्या शतकातला बिशप युसेबियस आपल्या चर्चच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच हे तिन्ही मान ख्रिस्ताला देऊन मोकळा झाला होता. मध्ये बाराशे वर्षं गेली!

'फक्त राजा' हेही टिकत नाही. मशीहा या शब्दाचा अर्थच 'अभिषिक्त', म्हणजे तेल ओतून नेमलेला. बायबलनुसार हे तेल दावीद राजाच्या कितीतरी आधी पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या डोक्यावर ओतलं गेलं, आणि अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक कर, अशी आज्ञा एलीया या संदेष्ट्याला झाली. मृत समुद्राजवळच्या गुहांत 1947पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत एका यहुदी पंथाची नियमावली आहे, येशूच्या जन्माआधीची. ती एका संदेष्ट्याची आणि 'अहरोन व इस्राएल यांच्या अभिषिक्तांची' वाट पाहते. म्हणजे एक याजक, एक राजा. तिथे या व्यक्ती वेगवेगळ्या आहेत, हे कबूल. पण तिन्ही मान एकाच माणसात पाहणं यहुद्यांना अगदीच परकं नव्हतं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस राज्य, प्रमुख याजकपद आणि भविष्यवाणी या तिन्ही गोष्टी योहान हिर्कानस या यहुदी शासकाच्या पदरात घालतो. हा हिर्कानस वारला इ.स.पूर्व 104मध्ये.

"यहूदा वंशातला माणूस याजक कसा?" हे विचारणाऱ्याला आपण चोर पकडल्यासारखं वाटतं, कारण मोशेच्या नियमशास्त्रात याजक फक्त लेवीच्या वंशातले, आणि येशू यहूदाच्या. पण नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक सातव्या अध्यायात स्वतःच सांगतो, की प्रभू येशू यहूदा वंशातला आणि त्या वंशाच्या याजकपणाबद्दल मोशे काहीच बोललेला नाही. मग तो 110व्या स्तोत्रातल्या मलकीसदेकाकडे वळतो: शालेमचा राजा, शिवाय देवाचा याजक, आणि तोही लेवीच्या जन्माआधीचा. युक्तिवाद पटो न पटो, अडचण लपवलेली नाही.

राहिला राजा. इथे मजकुराला थोडं वजन आहे. मशीहाच्या काळात जगभर नांदायची ती शांतता आलीच नाही, हा यहुद्यांचा आक्षेप आजही उभा आहे, आणि येशू परत येईल हे ख्रिस्ती उत्तर इतिहासाच्या कसोटीवर घासता येत नाही. मात्र 'अपयश झाकलं' हे जुळत नाही. वधस्तंभावरची 'यहुद्यांचा राजा' ही पाटी चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आहे. झाकायचंच असतं, तर आधी तीच गाळली असती.