पोपने धूमकेतूला बहिष्कृत केले होते काय?

१४५६ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला तेव्हा पोप तिसरा कॅलिक्स्टस घाबरला, त्याने फर्मान काढून धूमकेतूला चर्चमधून बहिष्कृत केले आणि त्याला पळवून लावण्यासाठी गावोगाव घंटा वाजवायला लावल्या, ही गोष्ट धर्माच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून सर्रास पुढे पाठवली जाते.

आधी फर्मानाचे पाहू. २९ जून १४५६ च्या आज्ञापत्रात धूमकेतूचे नावही नाही. कॉन्स्टँटिनोपल जिंकून तीनच वर्षे झालेला तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमेद तेव्हा बेलग्रेडवर चालून येत होता. त्याच्याशी लढणाऱ्या सैन्यासाठी लोकांनी रोज प्रार्थना करावी आणि तिची वेळ सर्वांना कळावी म्हणून दुपारी घंटा वाजवाव्यात, एवढाच त्या घंटांचा अर्थ. (त्या घंटा बेलग्रेडच्या विजयाची आठवण म्हणून सुरू झाल्या, हा समजही तितकाच चुकीचा आहे, कारण वेढा उठला तो २२ जुलैला, म्हणजे आज्ञेनंतर.)

बहिष्काराची कल्पना तर मुळातच टिकत नाही. बहिष्कृत करायचे तर समोर बाप्तिस्मा झालेला माणूस हवा, आणि हे अल्फोन्सो दे बोर्हाला (हे कॅलिक्स्टसचे मूळ नाव), म्हणजे पोप होण्यापूर्वी कायदा शिकवलेल्या या वृद्धाला, ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

गोष्ट निव्वळ हवेतून आलेली नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. सुमारे वीस वर्षांनी पोपांची चरित्रे लिहिणाऱ्या प्लातिनाने नोंदवले आहे की, शेंडेनक्षत्र पाहून गणितज्ञांनी रोगराईचे भाकीत केले, तेव्हा पोपने काही दिवस प्रार्थना करायला सांगितले आणि येणारे अरिष्ट तुर्कांवर जावो अशी याचना केली. अरिष्टाची भीती त्या काळी सर्वांनाच होती, गणितज्ञांनाही. पण त्या नोंदीतही बहिष्कार नाही. तो शिरला पुढच्या शतकांत, धूमकेतूंवर लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून.

कॅलिक्स्टसला दोष द्यायचाच असेल तर खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत. त्याच वर्षी त्याने आपल्या कोवळ्या वयाच्या भाच्याला, रोद्रिगोला, कार्डिनल केले. तोच पुढे पोप सहावा अलेक्झांडर झाला. आणि १३ मार्च १४५६ च्या दुसऱ्या एका आज्ञापत्राने त्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदुस्थानापर्यंतच्या प्रदेशांतला धार्मिक अधिकार पोर्तुगालच्या 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या लढवय्या धार्मिक संघाला दिला. गोव्यातल्या चर्चवर पुढे पोर्तुगीज राजाचा जो 'पाद्रोआदो', म्हणजे चर्चच्या नेमणुका आणि कारभारावरचा हक्क, चालला, त्याच्या मुळाशी असलेल्या कागदांपैकी हा एक; पण तो कुणी पुढे पाठवत नाही.