बिअर नव्हे, 'अ' जीवनसत्त्व

वाग्यू या जपानी गोवंशाच्या मांसात चरबीची जाळी बिअर पाजून आणि मालिश करून येते, असं वाग्यूवरच्या लेखात पुन्हा वाचलं. ही दंतकथा काही मरत नाही! मुळात जपानी काळ्या जातीचा आनुवंशिक गुण, धान्याचा भरपूर खुराक आणि 28-30 महिन्यांचं संगोपन, यांतून ही जाळी येते. खरी मेख मात्र 'अ' जीवनसत्त्वात आहे. स्नायूंमधल्या कोवळ्या पेशींची चरबीपेशी होण्याला ते अटकाव करतं; म्हणून जनावर पुष्ट करण्याच्या मधल्या काळात जपानमधले बरेच पशुपालक ते मुद्दाम कमी देतात. हात फारच आखडला तर जनावराची नजर जाते, पाय सुजतात. ए5 या जपानमधल्या मांसाच्या सर्वोच्च दर्जाला जाळीचे 12 पैकी किमान 8 गुण लागतात, त्यासाठी हा खटाटोप. लेखात चवीवर चार परिच्छेद, यावर एक ओळही नाही?