पाच घोड्यांचा इंजिनिअर

माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा सध्या कपाटावर असतो. काचेच्या फ्रेमसकट, जुन्या चादरींच्या शेजारी. पूर्वी तो बाहेरच्या खोलीत भिंतीवर होता, पण दोन वर्षांपूर्वी त्याचा खिळा कुठेतरी गेला आणि तेव्हापासून तो वर चढून बसलाय. घरात या कागदाची किंमत एका खिळ्याएवढीही नाही का, असं मी बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, "अहो, खिळे काय फुकट येतात?"

मी अंधेरीला एका ऑफिसात लिफ्ट आणि एसींच्या देखभालीच्या करारांवर सह्या करतो. गेल्या अठरा वर्षांत माझ्या हाताला ग्रीस लागलेलं नाही. घरी, मढमध्ये, मात्र मी इंजिनिअर. बाबा सत्तरीचे आहेत, मोठी बोट विकून त्यांनी एक छोटी फायबरची होडी ठेवली आहे. तिच्या मागच्या फळीला लागणारं पाच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन हे त्यांचं धाकटं अपत्य. सरकारी कागदांत त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटार, म्हणतात, आमच्याकडे नुसतं मशीन. पाण्याच्या मोटारीला मोटार, बोटीच्या इंजिनाला इंजिन, आणि याला मशीन. यात तर्क शोधू नये.

१ जूनला मासेमारीवर पावसाळी बंदी लागली की मशीन गोणपाटात गुंडाळून पडवीत जातं. ३१ जुलैला बंदी संपते, पण बाबांची घाई नारळी पौर्णिमेची. त्या दिवशी होडी सजवून खाडीत एक फेरी झाली नाही, तर दर्याला काय तोंड दाखवायचं, असा त्यांचा सवाल. म्हणून जुलैच्या शेवटच्या रविवारी, मी पेपर उघडत असतानाच आवाज आला, "इंजिनिअर, मशीन सुरू होत नाय."

बंद मशीनभोवती माणसं कुठून गोळा होतात हे एक कोडंच आहे. मी दोरी तीनदा खेचेपर्यंत पडवीत सात जण होते. एक म्हणाला प्लग. दुसरा म्हणाला हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी पितं, तुझं पेट्रोल पाणचट झालंय. तिसऱ्याने लिंबू-मिरची सुचवली. चौथे आजोबा, जे गेली दहा वर्षं फक्त हवामानावर बोलतात, ते म्हणाले, "टाकीच्या झाकणावरचा स्क्रू ढिला केलास का? टाकीत हवा नाय गेली तर पेट्रोल खाली येईल कसं?" मी केला नव्हता. तो मी पुढच्या गडबडीत, कोणाचं लक्ष नसताना केला. हे इथे पहिल्यांदाच कबूल करतोय.

तरी मशीन ढिम्म. कार्बोरेटर उघडला तर आत दोन महिने साठलेल्या पेट्रोलचा चिकट थर, आंब्याच्या साटासारखा. जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, तारेने मोकळा केला, नवं पेट्रोल घेतलं, पन्नासाला एक या हिशेबाने ऑइल मिसळलं आणि दोरी खेचली. मशीन धडधडलं. सात जणांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू प्रत्येकाचंच निदान बरोबर ठरलं होतं.

आता अडचण अशी, की हे मशीन कोरडं चालवता येत नाही. त्याला स्वतःचं पाणी नसतं, रेडिएटर नसतो. खालच्या भागातला रबरी पात्यांचा पंप समुद्राचंच पाणी वर खेचतो, ते इंजिनाभोवती फिरतं, आणि त्यातली एक धार बाजूच्या भोकातून बाहेर पडते. ती पडत असेल तर मशीन थंड आहे. मुंबईच्या पाण्यात प्लॅस्टिकची पिशवी तोंडाला बसली की धार बंद, आणि थोड्या वेळात मशीनही बंद. म्हणून धारेवर डोळा ठेवावा लागतो. बाबा हा प्रश्न ज्या शब्दांत विचारतात, तो शब्द मी सासुरवाडीची माणसं असताना ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

"मुततंय का?"

मुतण्यासाठी पाणी हवं, म्हणजे पिंप हवं. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं आणि दोन तासांत जातं. त्या दोन तासांची कमाई म्हणजे मोरीतलं निळं पिंप. मी ते पडवीत ओढलं, कडेला फळी बांधून मशीन लटकवलं आणि सुरू केलं. धार लागली, बाबा खूश झाले. पाच मिनिटांत पिंपातल्या पाण्यावर तेलाची इंद्रधनुष्यं तरंगायला लागली. बायको दारात आली, पिंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पेट्रोल पंपावरून आलात का?"

असो. मुद्दा असा, की त्या पाच मिनिटांत मला गिअर टाकल्यावर एक खरखर ऐकू आली. शिवाय खालचा, पाणी कापणारा पंखा फिरताना मशीन थोडं कंबर हलवत होतं. बाबा म्हणाले, पिंपात असल्यामुळे. मी मात्र, इतक्या वर्षांनी डिप्लोम्याला जाग आल्यामुळे, गिअरचं ऑइल काढायचं ठरवलं. खालचा स्क्रू काढला, मग वरचा. बाहेर यायला हवं होतं काळपट, दाट तेल. आला मसाला घातलेला कटिंग चहा. तेल दुधाळ झालं, याचा अर्थ आत समुद्र शिरलाय.

इथून माझ्यातला डिटेक्टिव्ह जागा झाला. मे महिन्यात होडी चुलतभावाने नेली होती. त्याला फोन लावला.

"खडकाला लावलीस ना?"

"अरे, जरा लागली. पण काय तुटलं नाय. पिनसुद्धा तुटली नाय!"

हे त्याने अभिमानाने सांगितलं आणि मीही रागाच्या भरात तसंच ऐकून घेतलं. आरोपी सापडला होता. बाबांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, बायकोला दोनदा सांगितलं. पिंपाच्या प्रकरणाचा ठपकाही शक्य तितका त्याच्यावर ढकलला.

मिस्त्री वर्सोव्याचा. वीसेक किलोचं मशीन खांद्यावर घेऊन मी आणि बाबा तरीत बसलो. बोटीचं मशीन दुसऱ्या बोटीतून नेणं यात एक वेगळाच अपमान असतो. तरीतला प्रत्येक जण "काय झालं?" विचारतो आणि उत्तर ऐकण्याआधी "प्लग बघा" म्हणतो. वाटेत मी बाबांना सांगितलं, की अशी मशीन अमेरिकेत १९०९ साली ओले एव्हिनरूडने बाजारात आणली. तो म्हणे मैत्रिणीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला, येईपर्यंत सगळं वितळलं, आणि त्या रागातून हा शोध लागला. बाबांनी थोडा विचार केला. "मग तिने त्याला सोडलं?" लग्न झालं म्हणालो. "तेच म्हणतोय," बाबा म्हणाले.

मिस्त्रीने काही विचारलं नाही. मला हा माणूस तिथेच आवडला. पंखा काढला, खालची पेटी उघडली आणि पंख्याचा शाफ्ट काचेवर ठेवून बोटाने गडगडवला. शाफ्टचं टोक किंचित लचकत होतं. "वाकलाय," तो म्हणाला. वाकलेला शाफ्ट फिरताना ऑइल सील चघळत राहतो, सील सैल पडला की खारं पाणी आत. गिअरचे दात शाबूत होते, हे नशीब.

"सांगितलं होतं ना, चुलतभाऊ!" मी म्हणालो.

मिस्त्रीने मान हलवली. "नाखवा, खडकाला तर सगळेच लावतात. पंख्यात पितळेची पिन असते, ती तेवढ्यासाठीच असते. धक्का बसला की पहिली ती तुटते, पंखा मोकळा सुटतो, शाफ्ट वाचतो. पिन बदलायची, घरी यायचं." मग त्याने पंख्याजवळ ठेवलेली पिन उचलून उजेडात धरली. "पण ही तुटायचं नावच घेणार नाही. हा काँक्रीटचा खिळा आहे. डोकं कापून घातलाय. हा कोणी घातला?"

दुकानात एक पंखा गरगरत होता, तोही छताचा. बाबा माझ्याकडे बघत होते.

दोन वर्षांपूर्वीचा एक शनिवार. पिन तुटली होती, रात्री दुकानं बंद, पहाटेची भरती गाठायची होती. घरात कडक, बरोबर जाडीचं असं एकच काही होतं, आणि ते भिंतीत होतं. बाबा तेव्हा म्हणाले होते, पितळेची बघ उद्या. मी म्हणालो होतो, "बाबा, पितळ मऊ असतं. पोलाद टिकतं."

टिकलं.

बुधवारी सुट्टी काढून अंधेरीहून हार्बर लाइनची लोकल पकडली, मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. त्या गल्लीत बेअरिंग, पंप, पट्टे, पाने असं मशीनशी नातं सांगणारं काहीही मिळतं, पण नाव सांगून मिळत नाही. "बोटीच्या मशीनचा ऑइल सील द्या," म्हणालो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेठने चष्म्यावरून पाहिलं. "साइज बोलो." मी अंदाजे बोटांनी गोल दाखवला. "आत का, बाहर का, मोटाई?" तीन आकडे, मिलिमीटरमध्ये. दुकानातून बाहेर आलो, मिस्त्रीला फोन केला, आकडे हातावर लिहिले, परत आत गेलो. शेठने डबीतून सील काढून पुढे सरकवला आणि विचारलं, "मेकॅनिक हो?" मी नाही म्हणालो. अठरा वर्षांत इतकं खरं मी कोणाशी बोललो नव्हतो. पितळेची सळईही घेतली, सहा पिना कापता येतील इतकी.

शाफ्ट मिस्त्रीने एका भंगार मशीनमधून काढून बसवला. नवं ऑइल त्याने खालच्या भोकातून भरलं, वरच्या भोकातून वाहायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. चुलतभावाला मी फोन केला. तो तासभर हसला आणि मग नारळी पौर्णिमेला जेवायला येतो म्हणाला, बायकामुलांसकट.

पौर्णिमेला होडी खाडीत उतरली. पहिल्या दोरीत मशीन लागलं. बाबा वाकून बाजूला बघत होते, मागच्या बाकावर माझी सासू बसली होती.

"मुततंय," बाबा जोरात म्हणाले.

घरी आलो तर भिंतीवर डिप्लोमा. मिस्त्रीने परत दिलेला तो बिनडोक्याचा खिळा बाबांनी जुन्याच भोकात ठोकला होता. खिळा जरा वाकलाय, त्यामुळे फ्रेम डावीकडे कलते. मी रोज सरळ करतो, संध्याकाळपर्यंत ती परत कलते.