साप म्हणजे ड्रुइड? संत पॅट्रिकबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

17 मार्च, म्हणजे पाचव्या शतकातला आयर्लंडचा संत पॅट्रिक याचा दिवस, जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: रोमने पाठवलेल्या पॅट्रिकने आयर्लंडमधल्या ड्रुइड पुजाऱ्यांची आणि जुना धर्म मानणाऱ्यांची कत्तल केली, 'त्याने बेटावरचे साप हाकलले' या कथेतले साप म्हणजे तीच माणसं, तेव्हा सेंट पॅट्रिक्स डे हा नरसंहाराचा उत्सव आहे. नागपंचमीला वारुळ पुजणाऱ्या घरात वाढलेल्याला हे वाचून चीड येणारच. पण हे खरं नाही.

आधी साप. हिमयुगात आयर्लंड बर्फाखाली होतं, आणि बर्फ वितळल्यावर समुद्र आडवा आला, त्यामुळे साप तिथे पोचलेच नाहीत. तिसऱ्या शतकात, म्हणजे पॅट्रिकच्याही आधी, सोलिनस या रोमन लेखकाने तिथे साप नसल्याचं लिहून ठेवलंय. 731 मध्ये बीड या इंग्रज इतिहासकार संन्याशानेही तेच लिहिलं, श्रेय मात्र पॅट्रिकला दिलं नाही. साप हाकलल्याची कथा रुजली ती बाराव्या शतकात, त्याच्यानंतर तब्बल सातशे वर्षांनी. सांगणाऱ्यांच्या मनात साप म्हणजे सापच होते. ड्रुइडांचा अर्थ अलीकडच्यांनी चिकटवला.

रोमने पाठवलं? आयर्लंड रोमन साम्राज्यात कधी नव्हतंच. पोप सेलेस्टीनने 431 मध्ये तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी बिशप पाठवला, तो पॅलेडियस. म्हणजे ख्रिस्ती माणसं तिथे आधीपासून होती.

आता कत्तल. पॅट्रिकने स्वतः लिहिलेल्या दोनच गोष्टी आपल्या हाती आहेत: एक आत्मनिवेदन आणि एक पत्र. त्यात तो सांगतो की राजांना भेटी द्याव्या लागत, सोबत फिरणाऱ्या त्यांच्या मुलांना मोल द्यावं लागे. एकदा त्याला लुटून चौदा दिवस बेड्यांत ठेवलं होतं. आपण रोज मरणाची किंवा पुन्हा गुलाम होण्याची वाट पाहतो, असं तो लिहितो. तलवार हातात असलेल्या माणसाची ही भाषा नव्हे.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस मुइर्खू या आयरिश लेखकाने लिहिलेल्या पॅट्रिकच्या चरित्रात पॅट्रिकशी टक्कर घेणारे ड्रुइड दैवी कोपाने मरतात, आणि लेखकाला त्यात आनंद आहे. मला ते वाचवत नाही. पण ती दोनशे वर्षांनंतरची चमत्कारकथा आहे, घडलेल्या घटनेची नोंद नव्हे. उलट सातव्या-आठव्या शतकातल्या आयरिश कायद्यांत ड्रुइड अजून आहेत. मान घटलेला, पण आहेत. जुना धर्म पिढ्यान्‌पिढ्या ओसरत गेला.

या मेसेजचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. पॅट्रिक आयरिश नव्हता, रोमन ब्रिटनमधला होता. बाप डीकन (धर्मगुरूच्या खालचा चर्चसेवक), आजोबा धर्मगुरू, पण पोराला स्वतःला श्रद्धा अशी नव्हती. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी त्याला पळवलं आणि सहा वर्षं तो गुलाम म्हणून जनावरं राखत होता. पावसात, बर्फात, पहाटेच्या आधी उठून तो प्रार्थना करायला शिकला तो तिथेच. मग पळाला, दोनशे मैल चालून जहाज गाठलं, घरी पोचला. आणि पुढे स्वप्नात आयरिश लोकांची हाक ऐकून परत त्याच बेटावर गेला, ज्यांनी त्याला गुलाम केलं त्यांच्यातच.

त्याच्या पत्रात संताप आहे, पण तो ड्रुइडांवर नाही. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या, कपाळावरच्या अभिषेकतेलाचा वास अजून न गेलेल्या माणसांना कापून काढलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून नेलं. ते सैनिक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. पॅट्रिकने निरोप पाठवला, त्यांनी तो हसण्यावारी नेला. तेव्हा त्याने जाहीर पत्र लिहिलं: पकडून नेलेल्यांना सोडेपर्यंत या लोकांच्या पंगतीला कोणी बसू नये, त्यांचं दान कोणी घेऊ नये.