शाखेतल्या मुलीकडे '२ टक्के' मागू नका

वाडीच्या ग्रुपवर आणि मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'कायद्याने प्रत्येक बँकेला नफ्यातले २ टक्के समाजासाठी द्यावेच लागतात. ठेवी आपल्या, म्हणून पैसे आपल्या गावाचे. शाखेत अर्ज द्या. मॅनेजर नाही म्हणाला तर पैसे खाल्ले समजा. सामाजिक कामाचा अहवाल छापणारी बँकच प्रामाणिक.'

परवा दापोलीत पासबुक भरायला गेलो, तर चौघेजण हाच मेसेज छापून घेऊन आले होते. सोबत देवळाच्या सभामंडपाच्या पत्र्यांचं कोटेशन. समोर नुकतीच बदलून आलेली मुलगी. तिला तोंडावर 'खाल्ले' म्हणाले. काउंटरच्या त्या बाजूला माझं आयुष्य गेलं आहे, मला ते ऐकवेना.

'प्रत्येक बँक' हे साफ चूक आहे. सक्ती आहे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये, म्हणजे कंपन्यांना. तीही आधीच्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी काहीतरी असेल तरच. खासगी बँका यात येतात. राष्ट्रीयीकृत बँका १९७० आणि १९८० च्या कायद्यांनी झाल्या, स्टेट बँक १९५५ च्या, सहकारी बँका सहकार कायद्याखाली. त्यांनी समाजकार्यावर केलेला खर्च या कलमाखालचा नव्हे.

२ टक्के शाखेच्या नफ्याचेही नाहीत. अख्ख्या कंपनीच्या मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे आहेत आणि कुठे खर्चायचे ते संचालक मंडळ ठरवतं. शाखेत त्यासाठी वेगळी तिजोरी नसते. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदा सांगतो, एवढं मेसेजमध्ये खरं आहे. पण विषय शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण असे ठरलेले आहेत. देवळाचे पत्रे त्यात नाहीत.

मला खरी काळजी मेसेजमधल्या शेवटच्या वाक्याची वाटते, अहवाल छापणारी बँकच प्रामाणिक म्हणे. अशा अहवालात गुळगुळीत कागदावर बचत गटाच्या बायकांचा चेक घेतानाचा फोटो असतो. ते कर्ज आहे, आपल्या बायका ते व्याजासकट फेडतात. नेहमीच्या धंद्यातलं काम सामाजिक खर्चात धरायचं नाही, असं नियमच सांगतो. आणि फोटोंवरून कारभार कळत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच बिल्डर समूहाला दिलेलं प्रचंड कर्ज हिशेबात लपवलेलं होतं. कितीतरी चाकरमान्यांच्या घरी त्या दिवसांत चूल कशी पेटली, ते त्यांनाच ठाऊक.

कारभार बघायचा तर थकीत कर्जाचे आकडे बघा, लेखापरीक्षकाचे शेरे बघा. नागरी सहकारी बँकेने संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २००३ पासूनचा नियम आहे. ठेवीवरचं कर्ज वगैरे मोजके अपवाद. अशा कर्जांची वेगळी ओळ बँकेच्या वार्षिक अहवालात असते.

चौघांना बाहेर चहाला नेलं. त्यांतले थोरले काका एका नागरी सहकारी बँकेचे सभासद निघाले. दुसऱ्या दिवशी ते घरून अहवाल घेऊन आले, पिशवीतून काढला तर पहिल्या दोन पानांपुढे उघडलेलाच नव्हता. आम्ही पडवीत बसून ती ओळ शोधली. त्यांनी तिच्याखाली पेनने रेघ मारली आणि विचारलं, "सभेत हे मोठ्याने वाचून दाखवलं तर चालतं ना?"

चालतं, काका.